बरडावर खड्डे खोदण्याआधी

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचताईंचा प्रश्न आहे. गावाला लागून ई-क्लासची, म्हणजे गावाच्या सामाईक वापराची सरकारी, साठेक एकर बरड जमीन आहे. बोराटी, हिवर, तरवड, हेकळ आणि उन्हाळ्यात करपून जाणारं गवत, एवढंच तिथं दिसतं. एका कंपनीच्या निधीतून तिथं झाडं लावायचं घाटतंय. जेसीबीनं काटेरी झुडपं उपटायची, सलग समतल चर खोदायचे आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), करंज, कडुलिंब, थोडा बांबू लावायचा. गावातल्या ढोरक्यांचा, म्हणजे गुराख्यांचा, याला विरोध आहे. ताई विचारतात, "जमीन नुसती पडीत आहे. ती हिरवी करायची तर नेमकं काय लावावं आणि जंगल उभं राहायला किती वर्षं लागतील?" शिवाय दोन शंका आहेत. ही जमीन 'झुडपी जंगल' म्हणून मोडते का? आणि झुडपं ठेवली तर रोही (नीलगायी), रानडुकरं वाढतील का?

ताई, जेसीबी सांगून ठेवला असेल तर आधी तो थांबवा. बाकीचं सगळं त्यानंतर बोलता येईल. तुमच्या बरडावर जे उगवायला हवं ते बहुतेक उगवलेलंच आहे. चराईनं ते दबलंय, वणव्यानं पोळलंय, काही ठिकाणी बाहेरून आलेल्या तणांनी त्याला दाबून टाकलंय. पण मुळं अजून जमिनीत आहेत. जेसीबीचं बकेट फिरलं की तीही जातात, आणि मग एका पिढीत ती जमीन पूर्वपदावर येत नाही.

वाशीम, अकोला, बुलडाणा आणि अमरावतीचा सखल भाग हा निमशुष्क पट्टा आहे. वर्षाचा पाऊस साधारण ७५० ते ९५० मिलिमीटर, आणि तोही जवळजवळ सगळा मृगापासून सप्टेंबर संपेपर्यंत. पुढचे आठ महिने कोरडे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो ते तुम्हाला सांगायला नको. खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण, लाव्हाचे थरावर थर. नदीनाल्याच्या काठी त्याची झीज होऊन खोल काळी माती साठली, तिथं आपली पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आलं. उंचवट्यांवर मात्र वीतभर माती आणि त्याखाली थेट मुरूम. अशा जागी दाट सावलीचं जंगल माणसानं तोडलं म्हणून नाहीसं झालं, अशी आपली समजूत असते. काही डोंगरउतारांवर ते खरंही आहे. पण बरडाचं तसं नाही. वीतभर मातीत, आठ महिने कोरड्या हवेत, मोकळं गवत आणि मधून मधून काटेरी झुडूप हीच तिथली मूळची वनस्पती आहे. भारतीय गवताळ प्रदेशांच्या शास्त्रीय वर्गीकरणात दख्खनचा हा भाग पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या शास्त्रीय नावांवरून ओळखला जातो, त्याला सेहिमा-डायकँथियम पट्टा म्हणतात. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या जुन्या मराठी वाङ्मयात आलेली झाडंझुडपं तपासली. पश्चिम महाराष्ट्राचा माळ त्या काळीही मोकळा आणि काटेरीच होता, असं त्यातून पुढे आलं. आपल्या वऱ्हाडासाठी तसा शोध कुणी घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे, कारण ऋद्धपूरच्या परिसरातलं महानुभावांचं जुनं लेखन तर आपल्या दारातच आहे.

मग ही जमीन 'पडीत' कशी ठरली? सरकारी दप्तरात जमिनीची किंमत दोनच गोष्टींवरून ठरत आली, शेतसारा येतो का आणि इमारती लाकूड निघतं का. बरडावर दोन्ही नाही. म्हणून ती पडीत. आजही उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा जो पडीक जमिनींचा नकाशा निघतो, त्यात झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरतात. तुमच्या ग्रामपंचायतीनं हा शब्द स्वतः शोधलेला नाही, तो वरून आलेला आहे. पण त्याचा परिणाम तुमच्या साठ एकरांवर होणार आहे.

तुमच्या प्रश्नातलं मला सर्वांत मोलाचं वाटलं ते ढोरक्यांचा विरोध. त्यांना नुसतं बैठकीला बोलावू नका, त्यांच्याबरोबर बरडावर फिरा. कोणत्या खोलगटात मारवेल येतं, कुठं गवत जास्त दिवस टिकतं, कुठं कुसळी माजली म्हणून ढोरं वळत नाहीत, हे त्यांना पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक असतं. सकाळी आखरावरून, ढोरं जमतात त्या जागेवरून, गोहण (गावच्या ढोरांचा कळप) निघतं ते या साठ एकरांत दिवसभर काय खातं, याचा हिशेब गावात दुसऱ्या कुणाकडे नाही.

फिरायला जायचं ते दसऱ्याच्या आसपास. उन्हाळ्यात बरड पाहून निर्णय घेऊ नका. मे महिन्यात तिथं कोणालाही मेलेली जमीनच दिसेल. दसऱ्याला गवत निसवलेलं असतं आणि चार गवतं ओळखता आली की जमिनीची तब्येत कळते.

पवन्या ओळखायला सोपं. एका काडीवर एकच कणीस, पिकलं की तांबूस-भुरकट दिसतं आणि वाऱ्यावर सगळा उतार एका अंगाला लवतो. पातळ, मुरमाड जमिनीतही ते येतं, ढोरं आवडीनं खातात. मारवेल थोड्या खोल मातीत, खोलगटात, धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) कडेनं येतं. त्याच्या काडीच्या पेऱ्याला पांढऱ्या केसांचं कडं असतं, बोट फिरवलं की लगेच जाणवतं, आणि कणसं एका टोकाला बोटांसारखी तीन-चार फुटतात, जांभळट रंगाची. ही दोन्ही जिथं अजून आहेत तिथं काहीही लावायची गरज नाही. नुसती राखण पुरते.

तिसरी कुसळी. तिचं एक कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. पिळलेली काळपट शेपटी हळूहळू उलगडायला लागते, कुसळ गोल फिरतं आणि त्याचं सुईसारखं टोक कातडीत रुतायला बघतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. पहिल्या सरीनं ओलं व्हायचं, उन्हात वाळायचं, असं फिरत फिरत ते बी स्वतःला मुरमाच्या भेगेत गाडून घेतं. पेरायला कुणी लागत नाही. वणव्यातही ते जमिनीखाली सुरक्षित राहतं. म्हणूनच जिथं दरवर्षी आग लागते आणि ढोरं फार चरतात तिथं पवन्या मागे पडतं आणि कुसळी पुढे येते. कोवळी असताना ती चांगला चारा आहे, पण निसवल्यावर ढोरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या कातडीत रुतते. कुसळीचं प्रमाण फार वाढलेलं दिसलं तर जमीन थकायला लागली असं समजा. बिघडली असं मात्र नाही, एवढ्यावरून ती परत येऊ शकते.

चौथी तिखाडी. पान चुरगाळलं की रोशा तेलाचा वास येतो. पूर्वी याच गवताच्या भट्ट्या या भागात लागत. ढोरं तिला सहसा टाळतात. त्यामुळे एखाद्या उतारावर फक्त तिखाडीच उभी असेल तर बाकीचं सगळं चरून संपलं असा त्याचा अर्थ. आणि गवतच नाही, नुसता तरोटा, गाजरगवत, रानतुळस आणि पिवळ्या फुलांचा तरवड असेल तर तो तुकडा खरोखर आजारी आहे. तरोट्याची कोवळी भाजी आपण सगळेच पावसाळ्यात खातो, पण एकरच्या एकर तरोटा म्हणजे गवत हरलेलं आहे. साठ एकरांत असे तुकडे किती, चांगले किती, मधले किती, एवढं एका कागदावर काढा. तुमचा सगळा आराखडा त्या कागदावरून ठरेल.

आता काटेरी झुडपांबद्दल, कारण आराखड्यात पहिला वार त्यांच्यावर आहे. बोराटीच्या एखाद्या जुन्या जाळीपाशी बसा आणि काठीनं फांद्या उचलून आत बघा. बाहेर गवत बोटभर उंचीचं, कुरतडलेलं असतं. आत तेच मारवेल मांडीएवढं उभं असतं, निसवलेलं, बी धरलेलं. ढोराचं तोंड काट्यांमुळे तिथवर पोचत नाही. पालापाचोळा साठून माती काळी आणि ओलसर झालेली असते, शेणकिडे आणि वाळवी तिथं काम करत असतात. थोडं शोधलं तर हिवराचं किंवा हिंगणबेटाचं रोपही सापडतं. चराईच्या जमिनीवर बी राखून ठेवणारी जागा हीच. तुम्ही लाखभर रुपये खर्चून तारेचं कुंपण घालता आणि रोप जगवता, ते काम बोराटी फुकट करते. ती उपटली की गवताचं बियाणंही गेलं आणि नव्या झाडाची पाळणाघरंही गेली.

हेकळीच्या किंवा हिवराच्या काट्यावर कधी एखादा टोळ, कधी लहानसा सरडा टोचून ठेवलेला दिसेल. ते खाटिक पक्ष्याचं काम. भक्ष्य काट्याला अडकवून तो ते फाडून खातो, उरलं तर तिथंच ठेवतो. मे महिन्यात दगडावर बसून गळ्याखालचा पंखा उघडझाप करणारा सरडा, उघड्या मुरमावर अंडी घालणारा धाविक, नाल्याच्या काठाला बीळ करणारं खोकड, हे सगळे या मोकळ्या जागेचे रहिवासी आहेत. दाट झाडी आली की ते राहत नाहीत. ऑक्टोबरात मध्य आशियातून भोवत्या येतात, शिकारी पक्षी, आणि मार्चपर्यंत राहतात. दिवसभर गवतावरून आणि शेतांवरून कमी उंचीनं उडत टोळ, उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच झोपतात. गवत गेलं की त्यांची रात्रीची जागा गेली. तुमच्या तुरीतले टोळ खाणारं पाखरू मग इथं कशाला थांबेल?

आणि तणमोर. पावसाळ्यात नर गवताच्या वर उडी मारतो, काळा-पांढरा, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात. आंतरराष्ट्रीय यादीत तो आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि महाराष्ट्रात त्याची जी थोडी ठिकाणं उरली त्यात अकोला-वाशीमचा भाग येतो. या भागात फासेपारधी समाजाच्या काही वस्त्यांनी गवताची रानं राखायचं काम केलंय. ज्यांच्यावर कायम शिकारीचा शिक्का मारला गेला, त्यांनी पाखरांचं ज्ञान राखणीसाठी वापरलं, याचा मला फार आदर वाटतो. तुमच्या जवळपास असा बेडा असेल तर त्यांना आवर्जून बोलवा. तुमच्या तालुक्यातलंच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यही बघून या, सुमारे १८ चौरस किलोमीटरचं आहे, २००० साली जाहीर झालं. तिथं काळवीट टिकले ते गवतामुळे आणि मोकळ्या नजरेमुळे. काळवीट दूरवर बघून पळणारा प्राणी आहे. झाडोरा दाट झाला की त्याला ती जागा धोक्याची वाटते.

चरांचं काय, हे अनेक जण विचारतात. पाणलोटाच्या कामात योग्य जागी चर उपयोगी पडतात, पण बरडावर तो प्रकार निराळा होतो. वीतभर मातीचा थर यंत्रानं उलटला की मुरूम वर येतो आणि माती खाली गाडली जाते. गवताचे ठोंब, ज्यांना तयार व्हायला वर्षानुवर्षं लागली, ते उपटले जातात. पुढच्या पावसात त्या उकरलेल्या पट्ट्यावर सर्वांत आधी गाजरगवत आणि रानतुळस उभी राहते, कारण त्यांना उघडी जमीनच हवी असते. पाणी अडवायचं काम पवन्याचा ठोंब आधीपासून करतोय. पावसाचा थेंब पानावर आपटून फुटतो, उतारावरचं पाणी ठोंबाठोंबाला अडत सावकाश वाहतं आणि दाट मुळांच्या वाटेनं मुरमात उतरतं. तुमच्या गावच्या विहिरी बरडाच्या खालच्या अंगाला असतील तर त्यांचं पाणी या उतारावरूनच येतं. जिथं घळी पडल्या आहेत, मुरूम उघडा आहे, तेवढ्याच ठिकाणी काम करा, आणि तेही हातानं. छाटलेल्या काटेरी फांद्या उताराला आडव्या पसरून दगडानं दाबून ठेवा. गाळ अडतो, उडून आलेलं बी अडतं, शेळ्या तोंड घालत नाहीत. दोन पावसाळ्यांत तिथं गवताची रेघ दिसायला लागते.

या फांद्या आणायच्या कुठून? जी झुडपं खरंच काढायची आहेत त्यांच्या. वेडी बाभूळ आणि घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनियाही म्हणतात. ही दोन्ही बाहेरदेशातून आलेली आणि दाट जाळं करणारी. घाणेरी नुसती वरून कापली की दुप्पट फुटते. कुदळीनं माती थोडी बाजूला करून, खोड आणि मुळं जिथं जुळतात त्या गाठीच्या खाली तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. हे काम फळं धरण्याआधी करायचं. वेडी बाभूळही शेंगा पिकण्याआधीच तोडायची, नाहीतर ढोरं शेंगा खातात आणि शेणातून बी सगळीकडे पसरतं. पुढची दोन-तीन वर्षं नवी रोपं उपटत राहावी लागतात. हा भाग लोक विसरतात आणि मग पहिल्या वर्षाची मेहनत वाया जाते. गाजरगवत फुलावर येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटा, आणि हातात मोजे घालून. त्याची ॲलर्जी वाईट असते.

चराईबद्दल माझं मत ठाम आहे. संपूर्ण चराईबंदी करू नका. ज्यांच्याकडे शेत नाही, दोन शेळ्या आणि एक गाय आहे, त्यांची जमीन ही बरडच आहे. बंदी केली की ते रात्री चारतात आणि राखणदाराशी वैर धरतात. शिवाय जमिनीलाही ती मानवत नाही. वर्षानुवर्षं न चरलेलं, न कापलेलं गवत स्वतःच्या वाळलेल्या पानांखाली गुदमरतं, नवे फुटवे येत नाहीत आणि पुढच्या मार्चमध्ये तेच वणव्याचं सरपण होतं.

साठ एकरांचे तीन भाग करा, नाला, पायवाट, मोठा दगड अशा ढोरक्यांना ठाऊक असलेल्या खुणांवरून. तारेची गरज नाही. एक भाग पहिल्या पावसापासून गवताचं बी झडेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आसपासपर्यंत, बंद. बाकी दोन भागांत गोहण फिरू द्या. बी झडलं की बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायचं, दर घरामागे भारे ठरवून, आणि मग ढोरं सोडायची. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद, त्यानंतर तिसरा. प्रत्येक तुकड्याला तीन वर्षांतून एक पूर्ण पावसाळा मिळाला की पवन्या सावरायला लागतं. पावसाळ्याचे पहिले तीन-चार आठवडे तर कुठल्याच भागात जास्त ढोरं नकोत. तेव्हा गवत मुळातला साठा खर्चून पानं काढत असतं, आणि त्याच वेळी ते कुरतडलं तर वर्षभर मागे राहतं. तेवढ्या दिवसांसाठी घरचा कडबा-कुटार राखून ठेवायला गावाला आधीपासून सांगा.

ही काही नवी कल्पना नाही. वर्धा जिल्ह्यात आर्वी आणि कारंजा (घाडगे) भागात नंदगवळी समाजानं गवळाऊ गाईंसाठी कुरणं अशीच पाळीपाळीनं राखली. गवळाऊ ही उंच पायांची, पांढरट, तेज चालीची जात त्या कुरणांवरच घडली. कुरणं आटली तशी गवळाऊही आटली, हे त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकताना जीव तुटतो. बाहेरून येणाऱ्या काठेवाडी आणि धनगरांच्या कळपांशीही आधीच बोलून घ्या. कुठल्या महिन्यात, किती दिवस, कोणत्या भागात, हे ठरलं तर मेंढ्यांचं खत शेतकऱ्यांना मिळतं आणि भांडण होत नाही.

जे तुकडे खरंच उघडे पडले आहेत तिथं गवत पेरता येतं. बी तुमच्याच बरडावरून घ्यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकलेली कणसं मुठीतून ओरबाडून काढतात, हे काम बचत गटाच्या बायका अगदी छान करतात. ताजं बी नीट उगवत नाही, त्याला काही महिने सुप्तावस्था असते. गोणपाटात भरून कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या मृगाच्या आधी माती-शेणात कालवून बारीक गोळ्या करून टाका, नाहीतर वारा आणि मुंग्या नेतात. बाहेरच्या भलत्याच गवताच्या बियाण्याच्या पिशव्या कुणी फुकट देत असलं तरी घेऊ नका. मारवेलचं चांगलं बियाणं किंवा ठोंब हवे असतील तर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारा. झाशीला भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्थान आहे, गवताचं बियाणं हा त्यांचा कामाचाच विषय आहे.

झाडं नकोतच का? हवीत, पण त्यांच्या जागी. नाल्याच्या दोन्ही काठांना, आखरावर, शाळेभोवती, शेताच्या धुऱ्यांवर कडुलिंब, करंज, आंबा, चिंच लावा. तिथं माती खोल आहे आणि पाणी घालायला माणूस आहे. बरडावर लावायचंच असेल तर हिवर, खैर, बोर, पळस, हिंगणबेट यांचं बी बोराटीच्या जाळीत टोचा. जगेल ते जगेल, टँकरनं पाणी घालायची वेळ येणार नाही. गिरिपुष्पाची मात्र सलग लागवड बरडावर करू नका. ते लवकर हिरवं दिसतं, म्हणून कार्यालयांना आवडतं, पण त्याच्या सावलीत आपली गवतं टिकत नाहीत. पवन्या, मारवेल, कुसळी सगळी उन्हाची गवतं आहेत. आणि कार्बनचा मुद्दा कुणी काढलाच तर सांगा की गवत आपला बराचसा कार्बन जमिनीखाली मुळांत ठेवतं. वणवा वरचं जाळतो, खालचं राहतं.

वणव्यासाठी फेब्रुवारीतच कडेनं आठ-दहा फुटांची पट्टी साफ करून घ्या. दिवाळीनंतर गवत कापलेलं असेल तर निम्मी भीती तिथंच संपते. "जाळलं की चांगलं गवत फुटतं" म्हणून काडी लावणारे असतात. फुटतं, पण ते मुळातला साठा खाऊन फुटतं, आणि दरवर्षी जाळलं की हळूहळू कुसळीच उरते.

तुमची कायद्याची शंका. 'झुडपी जंगल' हा शब्द ऐकून पुष्कळ लोक गोंधळतात. महसुली दप्तरातला 'झुडपी जंगल' हा प्रकार नागपूर विभागातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांचा, जुन्या मध्य प्रांताच्या नोंदींतून आलेला. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी त्या जमिनी वनजमीनच धरल्या आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधी रीतसर दिलेल्या जागांसाठी सरकारनं केंद्राची मंजुरी घ्यावी असं सांगितलं. वाशीम वऱ्हाडात येतं, आपल्याकडे ई-क्लास, गायरान अशा नोंदी असतात. तरीही सातबारा, गाव नमुना एक-अ (वनजमिनींची नोंदवही) आणि जुना नकाशा तलाठ्याकडून काढून तुमच्या गटाची नेमकी नोंद बघा, वनविभागाची हद्द आत शिरलीय का तेही बघा. सार्वजनिक जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकालही ग्रामसभेत वाचून दाखवण्यासारखा आहे. गावाची सामाईक जमीन गावाच्या वापराची आहे, असा त्याचा रोख आहे. पुढे-मागे कुणी सौर प्रकल्पासाठी हा तुकडा मागायला येईल, सध्या गायरानांवर नजर आहेच. तेव्हा "इथं काहीच नाही" असं लिहिलेला ठराव तुमच्याच विरोधात वापरला जाईल. त्यापेक्षा इथं कोणती गवतं आहेत, किती ढोरं चरतात, किती भारे कापले जातात, कोणती पाखरं दिसतात, हे लोकांच्या जैवविविधता नोंदवहीत लिहून ठेवा. ती नोंदवही ठेवणारी ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कायद्यानं असायलाच हवी.

रोही आणि डुकरांचा त्रास खरा आहे, आणि रात्र रात्र मचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याला गवताचं महत्त्व सांगताना जपून बोलावं लागतं. रानडुक्कर दिवसा लपायला दाट, ओलसर आडोसा शोधतं, म्हणजे घाणेरीची आणि वेड्या बाभळीची जाळी, नाल्यातला झाडोरा. विरळ बोराटी आणि मोकळं गवत त्याच्या फारसं कामाचं नाही. त्यामुळे शेताला लागून असलेली घाणेरी आधी काढा. सलग गिरिपुष्प-बांबूची लागवड केली तर डुकरांसाठी तुम्हीच आडोसा तयार कराल, हे कंपनीच्या लोकांनाही सांगा. रोही मात्र मोकळ्यावरही राहतो आणि हरभऱ्यात उतरतो. त्याच्यासाठी शेताच्या बाजूनं कुंपण, एकत्र राखण आणि नुकसानीचा पंचनामा वेळेत करणं याला पर्याय नाही. लांडगा असेल तर तो रोह्याची आणि डुकराची पिल्लं उचलतो, पण शेळीही उचलतो. मेंढपाळाची शेळी गेली तर भरपाईचा अर्ज त्याच दिवशी वनविभागाकडे जाईल एवढी व्यवस्था ग्रामपंचायतीनं करावी, म्हणजे विष घालायचा विचार कुणाच्या मनात येणार नाही.

राहिला कंपनीचा निधी. तो परत करू नका, वापर बदला. झाडांच्या संख्येऐवजी ढोरक्यांचा आणि दोन राखणदारांचा तीन वर्षांचा पगार, घाणेरी काढायची मजुरी, बी गोळा करणाऱ्या गटाची मजुरी, विळे, मोजे, गोणपाट आणि गवत साठवायला एक शेड, एवढं त्यात मागा. त्यांना फोटो लागतात. दरवर्षी दसऱ्याला त्याच तीन जागांवर, त्याच दिशेनं काढलेले फोटो द्या, आणि शेजारी कापलेल्या भाऱ्यांचा आकडा. ढोरक्यांचा पगार मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू करा, आराखडा पक्का व्हायची वाट बघत बसू नका.